गाण्यांवरचा आळ

उदयनं दोन्ही स्पीकर टेम्पोतून उतरवून माझ्या दारात ठेवले आणि तो खोके आणायला परत गेला. रविवारची सकाळ होती. समोरच्या गॅलरीतल्या वहिनी कपडे वाळत घालायचं थांबवून बघत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्याकडं ठेव. नाहीतर विक. नाहीतर पंचगंगेत सोड."

"उदय."

"आक्का फोनवरनं भंगारवाल्याला बोलवत होती. म्हटलं, त्याच्या काट्यावर जाण्यापेक्षा मंजीकडं जाऊ दे." त्यानं तिसरा खोका उंबऱ्यावर टेकवला. सगळ्यात वर 'कारखाना' होता, त्याच्याखाली 'भरती'.

ही काही त्या अल्बमांची खरी नावं नव्हेत. अकरावीत कोल्हापूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर आलो तेव्हा उदयला इंग्रजी नावं लक्षात राहायची नाहीत. मग वेष्टनावरच्या चित्रावरून आम्ही मराठी नावं पाडली. तीन धुराडी असलेला तो कारखाना, समुद्राचा तो भरती. आधी इंग्रजांचे जुने अल्बम, ज्यांत एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं. तिथून अमेरिकेतले, आणि शेवटी स्वीडन-नॉर्वेचे, ज्यांत गोड गाणारा माणूस मध्येच घशातून गुरगुरायला लागतो. प्रत्येक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, आणि मध्ये जो बोलेल त्यानं चहा करायचा. मी वहीत ठोके मोजायचे. सात, सात, आठ, परत सात. उदय मोजायचा नाही. तो म्हणायचा, "आमचा तिसरा माग असाच चालतोय. एक दात मोडलाय त्याचा."

पुढे मी कानांचं शास्त्र शिकायला म्हैसूरला गेले. तो बी.एस्सी. करून माग सांभाळायला इचलकरंजीला घरी गेला. मी कोल्हापुरात एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लागले. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, हे माझं काम. रविवारी मात्र मी इचलकरंजी गाठायचे. त्याच्या माडीवर आम्ही नवा अल्बम लावायचो. खाली बारा माग खडखडत असायचे. अल्बममधला हळू भाग त्या खडखडाटातून वर यायला हवा, म्हणून आवाज वाढवावा लागायचा. मग जोराचा भाग आला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. शेजारच्या खोलीतून वृषाली, म्हणजे उदयची बायको, ओरडायची, "तुमचा रेडा आज लवकर सुटला वाटतं!"

ती गरोदर असताना भिंतीवर टकटक करायची. "कमी करा की! बाळ आत उड्या मारतंय."

"त्याला आवडतंय!" उदय इकडून म्हणायचा, आणि मी हसायचे.

एकदा मी दवाखान्यातलं ध्वनिमापक यंत्र नेऊन भिंतीपलीकडचा आवाज मोजला होता. धोक्याचा नव्हता. तो आकडा तेव्हाही बरोबर होता, आजही बरोबर आहे. तरीही पूर्वाच्या डोक्याला तारा चिकटवून मी तपासणी केली आणि पडद्यावरची रेघ कितीही आवाज दिला तरी सपाटच राहिली, तेव्हा मला तो आकडा आठवला नाही. टकटक आठवली.

आठ महिन्यांची पूर्वा तेव्हा वृषालीच्या मांडीवर झोपली होती.

"झोपलीय म्हणून असं दिसत नसेल ना, ताई?" वृषालीनं विचारलं होतं.

"नाही. ही तपासणी झोपेतच करतात. दोन्ही कानांनी तिला ऐकू येत नाही."

वृषालीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती उदयकडे वळून म्हणाली, "झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी ती पूर्वाला घेऊन माहेरी, रेंदाळला, निघून गेली. सून गेली म्हणून उदयची आई, आक्का, तिच्या मागोमाग गेली. आक्कालाही ते घर परकं नव्हतं. ते तिचंच माहेर. वृषाली तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यांच्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून.

उदय खोके आत सरकवून खुर्चीत बसला. मी चहा टाकला.

"रक्ताचा रिपोर्ट काल आला," मी म्हटलं. "आज मी रेंदाळला जाणारच होते."

"मग?"

"आवाजाचा काही संबंध नाही, उदय. काडीचाही नाही. तुझ्या रक्तात कान घडवणाऱ्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे, एक चांगली. वृषालीचंही तसंच. एक चांगली असली की भागतं, म्हणून तुम्हा दोघांना ऐकू येतं. पूर्वाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या."

"दोघांत एकच बिघाड कसा?"

"तुझे आईकडचे आजी-आजोबा आणि वृषालीचे वडिलांकडचे आजी-आजोबा एकच ना. तिथून आलाय."

त्याच्या खांद्यांवरचा भार उतरेल, असं मला वाटलं होतं. महिनाभर तो माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होता. पण त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हे रेंदाळात बोलू नकोस."

"का?"

"आवाजानं झालं, असंच राहू दे."

"अरे पण झालेलं नाही आवाजानं."

"कळलं मला. पण गाण्यांचं काय जातंय, सांग? त्यांना ना सासू, ना नवरा, ना भावकी. त्यांच्यावर आळ आला तर ती काय जीव देणार आहेत? मी बंद केलं ऐकणं. दिलं सगळं तुला. वृषालीचा राग चार-सहा महिन्यांत उतरेल. झालं."

"आणि खाली बारा माग रात्रंदिवस वाजतात, त्यांच्यावर नाही कुणी आळ घेतला?"

"मागांवर घर चालतंय बाई." तो थोडा हसला. मग हसू गेलं. "आक्काचा विचार कर. रक्तातनं आलं म्हटलं की गाव काय म्हणणार? म्हातारीनं भावाची पोरगी घरात आणली आणि नातीचं वाटोळं केलं. ती जगायची नाही गं."

त्या क्षणी तो मला फार मोठ्या मनाचा वाटला. आईसाठी बायकोचा राग अंगावर घेणारा. माझ्याच शास्त्राची मला जराशी लाज वाटली.

पण गप्प बसणं शक्य नव्हतं. "पुढच्या मुलाच्या वेळीही चारांत एक शक्यता आहे हीच," मी म्हटलं. "ते वृषालीला ठाऊक असलंच पाहिजे."

"पुढचं मूलच नको आम्हाला."

"ते तू एकट्यानं ठरवणार? तिला सांगायचं ते मी सांगणार. तू नेलं नाहीस तर वडापच्या जीपनं जाईन."

तो बराच वेळ टेम्पोची किल्ली बोटांभोवती फिरवत राहिला. "चल," म्हणाला.

वाटेत हातकणंगल्याचं फाटक लागलं होतं. तिथे थांबलो असताना तो एवढंच म्हणाला, "वृषाली विचारेल तेवढंच सांग. आगाऊ काही नको."

रेंदाळच्या घरी पुढच्या सोप्यात चटई टाकलेली होती. पूर्वा पालथी पडून एक रिकामी कांडी, सूत गुंडाळतात ती, तोंडात घालायला बघत होती. मी आत आले तशी तिनं मान वर केली. माझ्या पायांच्या आवाजानं नव्हे. दारातला उजेड मी अडवला होता.

"या ताई," वृषाली म्हणाली. उदयला ती काहीच म्हणाली नाही. आक्का आतून पदराला हात पुसत आली, चटईच्या कडेला बसली आणि पूर्वाला तिनं मांडीवर घेतलं.

मी सगळं सांगितलं. दोन प्रती, एक चांगली, एक बिघडलेली. सावकाश आणि दोनदा. 'आवाजाचा संबंध नाही' हे वाक्य मी तीनदा म्हटलं.

वृषालीनं विचारलं, "म्हणजे नक्की? ह्यांच्या त्या गाण्यांनी नाही?"

"नाही."

"मला तिसऱ्या महिन्यात सर्दी झाली होती. मी मेडिकलातून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. कुणाला न विचारता. त्यानं?"

"नाही, वृषाली. त्यानंही नाही."

"आत्यांनी ग्रहण पाळ म्हटलं होतं. मी चिरत बसले होते भाजी."

"नाही गं."

ती रडायला लागली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. उदयवर चिडून ती इथे आली होती, पण ती महिनाभर स्वतःलाही दाव्याला बांधून बसली होती हे मला तेव्हा दिसलं. उदयलाही दिसलं असावं. तो चटईवर तिच्या बाजूला जाऊन बसला. तिनं त्याला दूर केलं नाही.

इतकं झालं तेव्हा मला वाटलं, बरं झालं आलो. खरं सांगितलं की माणसं सुटतात.

मग आक्का म्हणाली, "रक्तातनं म्हणजे आमच्या दिगूसारखं?"

"दिगू कोण?" मी विचारलं.

उदय पूर्वाच्या हातातली कांडी काढून घेत होता, उगीचच. तिनं ती सोडली नाही.

"माझा धाकटा भाऊ," आक्का म्हणाली. "जन्मापासून मुका. ऐकूच येत नव्हतं, मग बोलणार कसा? ह्याच घरात कांड्या भरायचा. हात असा चालायचा त्याचा, बघत राहावं. एकोणीस वर्षांचा होता. हुपरीच्या रस्त्यावर मागनं लॉरी आली. ड्रायव्हर म्हणाला, मी हॉर्न दिला होता." तिनं पूर्वाच्या डोक्यावरून हात फिरवला. "खरंच दिला असणार त्यानं."

माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जागेवर बसलं. दिगू माहीत असता तर रक्त तपासायच्या आधीच मी निम्मं सांगितलं असतं. तपासणीच्या वेळी मी उदयला विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का? तो म्हणाला होता, नाही.

"म्हणून तर मी नको म्हणत होते हे लग्न," आक्का पुढे म्हणाली. "सोन्यासारखी भाची आहे, पण म्हटलं, घरात एक मुकं निपजलंय, पुन्हा रक्त जवळ नको आणायला. दोन महिने अडवून धरलं. ह्यानं अन्न सोडायचंच बाकी ठेवलं होतं. मग एक दिवस घरी आला आणि म्हणाला, आक्का, मंजिरीला विचारून आलोय. ती ह्यातलंच शिकतीया म्हैसूरला. तिला दिगूमामाचं पण सांगितलं. ती म्हणाली, काय होत नसतंय, जुन्या समजुती आहेत." आक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "तूच सांगितलं होतंस नव्हं?"

वृषालीनं डोळे पुसायचे थांबवले. "ताई?"

मला कुणीही काही विचारलेलं नव्हतं. त्या लग्नाची बातमी मला म्हैसूरला पत्रिकेतून कळली होती.

मी उदयकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. वृषालीचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला होता. बोल, मी मनात म्हटलं. आता तू बोल. अल्बमच्या मधल्या शांततेत आम्ही कैक वर्षं एकमेकांशेजारी बसलो होतो. त्याची कुठली चुप्पी कशी असते, मला ठाऊक होतं. ही तो मोडणार नव्हता.

मी 'नाही' म्हटलं असतं, तर वृषाली त्या दिवशी त्याच्याबरोबर गेली नसती. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. आणि आक्काला कळलं असतं की मुलानं तिच्या विश्वासाचा फायदा घेऊन खोटं सांगितलं.

"इतकी माहिती तेव्हा नव्हती, आक्का," मी म्हटलं.

वाक्य खरं होतं. मी ते अजूनही तपासून बघते. त्यातला एकही शब्द खोटा नाही.

आक्कानं हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "असू दे. तुझी तरी काय चूक पोरी. तू पण तेव्हा शिकतच होतीस."

वृषालीनं मनात काही ठेवलं नाही. "ऐकू येत नाही म्हणून सांगायला पण तुम्हीच," ती म्हणाली, "आणि काही होत नाही म्हणून सांगायला पण तुम्हीच. बरं आहे तुमचं शास्त्र, ताई. दोन्हीकडून बरोबर."

पुढच्या मुलाबद्दल, चारांत एक, हे मला सांगायचं होतं ते मी सांगितलं. यंत्रं, शस्त्रक्रिया, सांगलीतले डॉक्टर, किती लवकर करायला हवं, तेही. वृषालीनं सगळं नीट ऐकून घेतलं, सांगलीच्या डॉक्टरांचं नाव दोनदा विचारलं. माझ्या हातचं तिला काही नको होतं, हे कळत होतं. मग ती उठली आणि आतून पूर्वाची बाळुती, दुपटी, पावडरचा डबा पिशवीत भरू लागली. ती घरी जायला निघाली होती. उदयबरोबर.

मी बाहेर टेम्पोपाशी आले. मागोमाग उदय आला. ऊन चढलं होतं. टेम्पोच्या पुढच्या सीटवर उदय, वृषाली आणि आक्का या तिघांपुरतीच जागा होती, आणि मांडीवर पूर्वा.

"मी वडापनं जाईन," मी म्हटलं.

"सोडतो की फाट्यापर्यंत."

"नको."

त्यानं हौद्यातली दोरी उगाच सोडली, परत गुंडाळली. "तू वाचवलंस मला," तो म्हणाला.

"तू मला कधी विचारलं होतंस, उदय?"

"नव्हतं विचारलं."

"का? विचारायला काय झालं होतं?"

"विचारणार होतो. खरंच. दिवाळीला तू आली होतीस तेव्हा तेवढ्यासाठीच बोलावलं होतं माडीवर. तू तिकडनं तो बर्फाचा अल्बम आणला होतास. तो लागला. संपला. मग त्याच्यावरच बोलत बसलो आपण. बस सुटायची वेळ झाली तुझी." त्यानं दोरीची गाठ मारली. "आणि खरं सांगायचं तर भ्यालो. तू नको म्हणालीस तर काय करायचं?"

"मग माझं नाव तरी कशाला घेतलंस?"

"आक्का दुसऱ्या कुणाचं ऐकणार होती?"

आतून वृषालीचा आवाज आला, ती आक्काला चादरीचं काहीतरी विचारत होती. उदयनं घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांग मंजे. विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

मी स्वतःला त्या माडीवर बसवून बघितलं. बावीस-तेवीस वर्षांची मी, परीक्षेला पाठ केलेले आकडे ताजे, मांडीवर नवा अल्बम, आणि समोर उदय विचारतोय, मामाच्या पोरीशी लग्न केलं तर काही होतं का गं?

"दोन-तीन टक्के धोका वाढतो, म्हणाले असते," मी म्हटलं. "फार नाही, म्हणाले असते."

"आणि दिगूमामाचं मी सांगितलं नसतं, तर तू विचारलं असतंस?"

"आता विचारते. प्रत्येकाला विचारते."

"तेव्हाचं सांग."

वृषाली पूर्वाला कडेवर घेऊन पायऱ्यांवर आली होती. माझ्याकडे न बघता तिनं पिशवी टेम्पोत ठेवली.

"नसतं विचारलं," मी म्हटलं.

"मग मी काय खोटं बोललो?" उदयनं विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं, जसा कॉलेजात तो एखादं गणित अडलं की विचारायचा, कारण उत्तर मला येत असणार याची त्याला खात्री असायची.

आक्का आणि वृषाली पुढे बसल्या आणि वृषालीनं हॉर्न वाजवला. पूर्वा तिच्या मांडीवरून काचेतून बाहेर बघत होती. उदय वळून गेला. टेम्पो निघाला, आणि मी फाट्याकडे चालायला लागले.